खोक्यावरची मावशी

पहाटे चारला मावशीचा दिवस सुरू व्हायचा. नळाला पाणी सकाळी एकदाच यायचं आणि ते यायच्या आत इमारतीची टाकी उपसून, घासून, धुऊन मोकळी करून द्यावी लागायची. उशीर झाला की नवं पाणी गाळावर पडणार आणि शिव्या मावशीला. म्हणून चार. थंडी असो, अंगात कणकण असो, चार म्हणजे चार.

मावशीला सख्खी बहीण नव्हती, म्हणजे भाचाही नव्हता. तरी दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. वहिनी म्हणणारी एकच, तिची नणंद. ती अंगानं एवढीशी होती आणि शिडीवरून अशी सरसर चढायची-उतरायची की घरीदारी तिला खारुताई हेच नाव पडलं होतं. दोघी मिळून टाक्या साफ करायच्या. पूर्वी मावशीच्या जोडीनं हे काम तिचा नवरा करायचा. त्याची कंबर गेली आणि तो घरी बसला. ब्रश बांधायला लागला, स्वयंपाक करायला लागला. "बायको आणि बहीण कमावतात, मी ऐटीत कांदा चिरतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कांदा मात्र बारीक चिरायचा. कामात खोट नाही.

टाकी साफ करणं म्हणजे फडकं मारणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा आत उतरून बघावं. टाकीचं तोंड इतकं अरुंद की आधी एक खांदा घालायचा, मग दुसरा. आत गुडघाभर थंड पाणी, खाली गाळ. बादलीनं गाळ भरायचा, वरचीनं दोरानं ओढायचा. मग भिंती घासायच्या. भिंती सोप्या. छत अवघड. मान मागे टाकून, हात वर धरून छत घासायचं आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी कोपरावरून बगलेत उतरू द्यायचं. शेवटी कोपऱ्यांतून बोट फिरवायचं. बुळबुळीत लागलं की तो कोपरा पुन्हा. इमारतीतलं कुणी खाली वाकून कोपरा बघणार नाही हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तरी पुन्हा.

या धंद्याला एक कायदा होता. तो तिच्या सासऱ्यांनी घातलेला. उतरणारीनं टॉर्च टाकीच्या तळाशी, पायरीवर, उभी ठेवायची, तोंड वर. तिच्या उजेडाचं गोल चकतं टाकीच्या तोंडातून वर तळघराच्या छताला पडतं आणि वर बसलेलीला ते दिसतं. चकतं आहे तोवर सगळं ठीक. चकतं गेलं की उतरणारीच्या कमरेला बांधलेला दोर ओढायचा. हाक मारायची नाही, वाकून बघायचं नाही, कारण विचारायचं नाही. आत हवा कोंडली तर माणसाच्या तोंडून हाक निघत नाही, पण तो पडताना हातपाय टॉर्चला लागतात. "आधी ओढा, मग भांडा," असं सासरे म्हणायचे. ते गेले, कायदा राहिला.

टॉर्च जुनी होती. जाड सेलची, वजनाला पाट्यावरच्या वरवंट्याएवढी.

एका सकाळी मावशी एका मोठ्या इमारतीच्या टाकीतून डोकं बाहेर काढत होती, तेव्हा समोर बूट दिसले. चकचकीत. बुटांच्या वर एक एजंट होता. तो त्या भागातल्या दुकानांना टॉर्च पुरवायचा. बोटांत अंगठ्या, शर्टाला अत्तर, बोलणं गुळगुळीत. खारुताईनं जागच्या जागी त्याचं नाव ठेवलं, झगमग.

"मावशी, हा दगड टाकून द्या," झगमग जुन्या टॉर्चकडे बोट दाखवून म्हणाला. "ही घ्या. चार्जिंगची. एक किलोमीटर उजेड. बारा तास. पाण्यात चालते."

"एक किलोमीटर कशाला? टाकी काय नदीएवढी आहे?"

"तुमच्यासाठी फुकट, मावशी. दोन घ्या."

फुकट म्हटल्यावर खारुताईचा हात आधी पुढे झाला. मावशीनं बटण दाबलं. उजेड खरंच पांढराशुभ्र पडला. झगमगनं मोबाइल काढला. "जरा वर धरा. हां, अशा. कशी वाटते?"

"आज तरी लख्ख आहे," मावशी म्हणाली. मोजून बोलायची सवय होती तिला. आज जे दिसतं ते आजचं.

महिनाभरानं हार्डवेअरवाल्या काकांच्या दुकानात लाल खोक्यांची चळत लागली. प्रत्येक खोक्यावर मावशी. टाकीच्या तोंडातून निम्मी वर आलेली, हातात टॉर्च. टॉर्चमधून निघालेला उजेड थेट डोंगरावर पोचलेला. तो डोंगर तळघरात कुठून आला हे तिला कळेना. शेजारी पाण्यात पोहणारा एक मासा, त्याच्यावर 'बारा तास'. आणि खाली मोठ्या अक्षरांत: "लख्ख आहे! टाकीवाल्या मावशी."

"'आज तरी' कुठं गेलं?" मावशीनं विचारलं.

"जागा पुरली नसेल," काका म्हणाले.

"माशाला पुरली."

पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही? आयुष्यभर जमिनीखाली काम केलेल्या बाईचं तोंड दुकानाच्या दर्शनी फळीवर. खारुताई येताजाता नमस्कार करायची. "हिरोइन, चहा घेणार का?" पोस्टमननं टॉर्च घेतली, दूधवाल्यानं घेतली, दुकानासमोरच्या सायकलवाल्यानं घेतली. "मावशी वापरते म्हणजे चांगलीच असणार," असं म्हणून घेतली. इमारतींतले लोक तिला टाकी साफ झाल्याचं सर्टिफिकेट मागत नसत. ती "झाली" म्हणाली की झाली. तिच्याकडे घर नव्हतं, शेत नव्हतं. हा एक शब्द होता. तो आता खोक्यावर चिकटला होता.

त्यानंतरही टॉर्चनं दोन आठवडे नीट काम केलं. मग एका सकाळी छतावरचं चकतं गेलं. मावशीनं क्षणाचा विचार न करता दोर ओढला. खारुताई वर आली ती तणतणत.

"अगं वहिनी, ढोपर फोडलंस माझं! काही झालं नाही. मेली आपोआप बंद पडली."

"चकतं गेलं की ओढायचं."

"हो, कायदा पाठ आहे. पण ढोपर माझं आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या टाकीत दोनदा. रात्रभर चार्ज केलेली टॉर्च गाळ उपसून होईस्तोवरही टिकेना. हलवली की लागायची, ठेवली की विझायची. दुसरी टॉर्च काढली, तिचीही तीच तऱ्हा. दर वेळी मावशी ओढणार, दर वेळी खारुताई कठड्याला घासून वर येणार आणि दोघी भांडणार. काम रेंगाळायला लागलं. एका इमारतीत नळ सुटला तरी टाकी झाली नव्हती आणि वॉचमननं चार लोकांत ऐकवलं.

तेव्हा दोघींनी मिळून एक सोय काढली. खारुताई म्हणाली, "चकतं गेलं तर लगेच ओढू नकोस. मी टॉर्च हलवून बघते आणि हाक देते. हाक आली नाही तर ओढ."

जुनी टॉर्च तोवर शेजारणीनं नेली होती. दोघींचं एकमत झालं. सासऱ्यांचा कायदा असा एका फुकटच्या टॉर्चपायी मोडला, तोही कटकट नको म्हणून.

त्या सकाळची टाकी लहान होती. निम्मं काम झालं होतं. चकतं गेलं. मावशी दोर हातात धरून बसली. हाकेची वाट बघत. फार वेळ नाही, तोंडातला चहाचा घोट गिळायला लागतो तेवढा. आतून फुस्स असा आवाज आला, कुकरची शिट्टी अडकावी तसा. मग धडका. मग वास. जळक्या प्लास्टिकचा, गोडसर, घशात चिकटणारा.

मावशीनं दोर ओढला. एरवी दोन दमांत येणारी खारुताई वर येता येईना. मावशीनं पाय कठड्याला लावले आणि पाठीवर पडून ओढलं. खारुताई तोंडातून बाहेर आली तेव्हा खोकत होती, म्हणजे जिवंत होती. उजवा हात तिनं छातीशी धरला होता. विझलेली टॉर्च हलवायला उचलली तर ती तापलेली लागली, आणि तिनं टाकायच्या आत मागचं झाकण उडून आतला जाळ तळहातावर आला.

हॉस्पिटलात तळहाताला पट्ट्या बांधल्या. छाती आठवड्याभरानं मोकळी झाली. हात झाला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळली ती वळलीच. ब्रश धरायचा म्हणजे मूठ पूर्ण मिटावी लागते आणि पूर्ण उघडावी लागते. खारुताईला आता यातलं काहीच जमेना.

घरी नवऱ्यानं दुसऱ्या टॉर्चमधला सेल काढला. वरचं चकाकतं वेष्टण नखानं सोललं. खाली दुसरं वेष्टण निघालं, फाटकं, ओरखडलेलं. टोकाशी जुन्या जोडणीची पत्री तुटून राहिली होती. कुठल्यातरी भंगारातल्या लॅपटॉपचा सेल नवा कोट घालून उभा केला होता. नव्या कोटावर ताकदीचा आकडा मात्र राजासारखा मोठा.

"सोलू नका आता," मावशी म्हणाली. "बाहेर ठेवा. वाळूच्या डब्यात."

"अगं, मेलेला आहे तो."

"मेलेल्यानंच हात जाळला तिचा."

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या दुकानात गेली. चळत निम्मी झाली होती. निम्मी घराघरांत गेली होती.

"खोकी उतरवा, काका."

"मी छापली का? एजंटला सांग."

झगमगला फोन गेला. तो आला, हात जोडून आला. फार वाईट वाटलं म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "टाकीत पाणी लागलं असेल ना टॉर्चला?"

"टाकीत पाणी नाही तर काय लागणार? खोक्यावर मासा काढलाय तुम्ही."

"मावशी, तो चित्रातला मासा."

"माझ्या नणंदेचा हात चित्रातला नाही."

झगमग हसला. मग त्यानं बोलणं वळवलं. नवीन मॉडेल येतंय, त्यावरही मावशीचा फोटो टाकू, या वेळी पैसेही देऊ. फक्त हॉस्पिटलचं कुठं बोलू नये. आणि शेवटी, जाता जाता: "तसं बघितलं तर दोर तुमच्याच हातात होता, मावशी. उशीर तुम्ही केलात."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळे मावशीकडे बघायला लागले. हेच तिला रात्रंदिवस खात होतं आणि त्यानं ते बरोबर हेरलं होतं.

"होता," मावशी मोठ्यानं म्हणाली. "दोर माझ्या हातात होता आणि मी उशीर केला. ते मी खारुताईला सांगितलंय, नवऱ्याला सांगितलंय, आता तुमच्यासमोर सांगते. माझा वाटा मी उचलला. आता तुमचा तुम्ही उचला."

"माझा कसला वाटा?"

"बारा तास लिहिलेत तो."

"जाहिरातीत थोडं इकडंतिकडं चालतंच. सगळेच लिहितात."

"बरं," मावशी म्हणाली. "बसून बघू."

तिनं दोन खोकी विकत घेतली. रोख पैसे देऊन, आपल्याच तोंडाची. काकांच्याच हातानं फोडून घेतली. काकांच्याच दुकानात, त्यांच्याच प्लगवर चार्जिंगला लावली, म्हणजे उद्या कुणी तिच्या घरच्या विजेला नावं ठेवायला नको. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना एक टॉर्च लावली, दुकानासमोर पिंपावर उभी ठेवली, तोंड वर, आणि शेजारी फतकल मारून बसली. दुसरी मांडीवर. त्या दिवसाचं काम बुडवलं. तिच्या हयातीत तिनं बुडवलेली ही दुसरी सकाळ. पहिली खारुताईच्या हॉस्पिटलची.

"मावशी, काय उद्घाटन आहे का?" सायकलवाल्यानं विचारलं.

"बारा तासांचं आहे. बैस."

लोक जमले. पोस्टमन थांबला. एक जण म्हणाला, दिवसाउजेडी टॉर्च लावलीय, डोकं फिरलंय बाईचं. मावशी म्हणाली, "माझं फिरलं असेल. हिचं बघत राहा." खारुताई पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून शेजारी येऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सायकलवाल्यानं पिंपावर पोतं धरलं, सावली केली, म्हणजे उजेड दिसावा.

लोकांच्या जेवणाचे डबे उघडले तेव्हा टॉर्च पिवळी पडली होती. डबे धुऊन झाले तेव्हा काजव्याएवढी राहिली. मग तीही गेली. मावशीनं दुसरी लावली. ती तर चहाच्या वेळेलाही पोचली नाही.

झगमग धापा टाकत आला. "अहो, उन्हात ठेवलीत. उन्हानं सेल तापतो."

मावशी उठून उभी राहिली. "मग तसं छापा की! उन्हात चालत नाही, पाण्यात चालत नाही आणि अंधारात तर बिलकूल चालत नाही."

लोक खो खो हसले. झगमगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बदनामीची केस टाकीन मावशी, सांगून ठेवतो."

"टाका. कोर्टातही दोन टॉर्च घेऊन येते. जजसाहेबांनाही बसायला सांगू."

"हिला तर मी ओळखतही नाही," तो लोकांकडे वळून म्हणाला.

खारुताईनं फळीवरचं एक खोकं उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावरच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी दूधवाल्यानं टॉर्च परत आणली. पोस्टमननं आणली. सायकलवाल्याची आधीच त्याच्या टेबलाला काळा डाग पाडून मेली होती, लाजेखातर तो बोलला नव्हता. काकांना सगळ्यांचे पैसे द्यावे लागले. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे," ते मावशीवर खेकसले, पण चळत उतरवली. काका वाईट नव्हते. ज्या मालावर जास्त सुटतं तो माल फळीवर पुढे, एवढंच त्यांचं धोरण होतं.

झगमगची दोन इमारतींच्या मॅनेजरांशी ऊठबस होती. तिथून मावशीला निरोप आला, यापुढे येऊ नका. तिनं कारण विचारलं नाही. लांबच्या वस्तीतल्या टाक्या धरल्या. तिथं पोचायचं तर चारच्याही आधी निघावं लागे. तीन वाजता उठायला लागली. टाकीत आता दर वेळी तीच उतरायची. वर नवरा, स्टुलावर बसून, पाइपाला दोराचा वेढा देऊन. त्यासाठी कंबर लागत नाही, हात लागतात. शेजारणीकडून जुनी टॉर्च परत आणली होती. चकतं गेलं की तो ओढायचा. एकदा तिनं उतरतानाच चुकून बटण दाबलं तर त्यानं अर्धी शिडी उतरलेल्या बायकोला भाजीच्या पेंडीसारखं उपसून बाहेर ठेवलं. "अहो, मी बोलतेय ना तुमच्याशी!" "ऐकू आलं. आधी ओढायचं, मग भांडायचं. बोल आता."

तिची मजुरी खारुताईच्या हातावर जाऊ लागली. मलम, शेकणं, बोटं ओढून सरळ करायचे व्यायाम. व्यायामाला खारुताई ओरडायची आणि मावशी बोटं सोडायची नाही. बोटं थोडी हलली. सरळ झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

आणि मग काकांच्या फळीवर हिरवी खोकी आली. नवं नाव. मावशीचं तोंड नाही, माशाच्या जागी पाणबुड्या. आतली टॉर्च तीच, सेल तोच, आकडा आणखी मोठा.

"ही वेगळी कंपनी आहे," काका नजर चुकवत म्हणाले.

मावशीनं भांडण केलं नाही. पुन्हा बसली असती तर हिरवं जाऊन निळं आलं असतं. तिचं तोंड खोक्यावरून गेलं होतं, शब्द मोकळा झाला होता. तिथं थांबली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. ती समोर सायकलवाल्याकडे गेली. त्याच्या दुकानाची एक भिंत थेट काकांच्या फळीकडे तोंड करून होती. रिकामी, चुना उडालेली.

"ही भिंत मला देशील?"

"काय करणार?"

"जाहिरात."

सायकलवाला काळ्या डागाच्या टेबलावर बसला होता. "घे," तो म्हणाला. "भाडं नको. माझी हवा भरायची पाटी तेवढी राहू दे."

त्या हंगामात तिनं एकही टाकी सोडली नाही, रंगाचे पैसे बाजूला टाकले. मग पेंटरला बोलावलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, अक्षर सुबक. तिनं मजकूर सांगितला. तो त्यानं एका सकाळीत भिंतीवर उतरवला:

"टॉर्च घेण्याआधी सेल हातात घ्या. वेष्टणाखाली दुसरं वेष्टण दिसलं तर परत ठेवा. आकडा जितका मोठा, थाप तितकी मोठी. तापला तर हात लावू नका, लांब व्हा."

"खाली तुमचा फोटो काढतो, मावशी. हसरा."

"माझं तोंड खूप झालं बघून. हात काढा. हिचा."

खारुताईनं भिंतीसमोर उभं राहून हात वर धरला. आधी तिला लाज वाटली, मग नाही. पेंटर मान वाकडी करून बघत राहिला आणि संध्याकाळपर्यंत मोठा हात भिंतीवर उभा राहिला. पाचही बोटं लांबसडक, सरळ, नखं गुलाबी. खारुताई बघून खूष झाली.

"केवढा छान काढलाय, वहिनी!"

मावशी लांब गेली, जवळ आली. कोपऱ्यातला गाळ बघावा तसं बघितलं.

"दोन बोटं पुसा."

"अहो मावशी, मुद्दाम सरळ काढली. बघणाऱ्याला बरं दिसतं."

"आम्हाला बरं दिसायचं नाही. जशी आहेत तशी काढा."

"पुन्हा काढायची म्हणजे पुन्हा रंग, पुन्हा वेळ. त्याचे वेगळे पडतील."

समोरच्या दुकानात काका हिरव्या खोक्यांमागून मान उंच करून बघत होते. मावशीनं कनवटीला हात घातला. सकाळीच मिळालेली लांबच्या वस्तीतल्या टाकीची मजुरी होती, ओलसर, ब्लीचिंगच्या वासाची. ती तिनं पेंटरच्या हातात ठेवली आणि खारुताईचा हात पुन्हा वर धरला.

पेंटरनं दोन बोटं पांढरी केली आणि वाकडी काढायला घेतली.